ज्ञान फुगवते, मग अभ्यास करायचा की नाही?

अनुग्रह_नगर (धागाकर्ता)

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत मी तरुण संघाचं काम बघतो. एक गोष्ट बरेच दिवस खटकते आहे आणि ती फक्त आमच्याकडचीच असेल असं वाटत नाही, म्हणून धागा काढतोय.

तरुणांमध्ये सध्या अभ्यासाची लाट आली आहे. ऑनलाइन कोर्स, यूट्यूबवरचे वादविवाद, मोबाइलमध्ये ग्रीक-हिब्रू शब्दकोश. मला याचा आनंदच झाला, अजूनही आहे. त्यांच्यात एक मुलगा फार हुशार आणि मनापासून वाचणारा आहे. मध्यंतरी उपासनेत साक्षीच्या वेळी (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात तेव्हा) एक आजी उभ्या राहिल्या. त्यांचं सगळं आयुष्य शेतमजुरीत गेलंय. म्हणाल्या, "नातवाला ताप भरला व्हता. रातभर येशूबापाला इनवलं. तांबडं फुटायला ताप उतरला." एवढ्यावर हा मुलगा उठला आणि भर उपासनेत म्हणाला की पिता वेगळा, पुत्र वेगळा, दोघांची अशी सरमिसळ करणं हे तिसऱ्या शतकातलं सबेल्लियसचं पाखंड आहे. आजींनी पदर सावरला, "चुकलं असंल बाबा" म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यानंतर त्या साक्षीला उठलेल्या नाहीत.

सिद्धान्त म्हणून तो बरोबर होता, आणि मला तेच छळतंय. चुकणाऱ्याला समजावता येतं. जो बरोबर आहे त्याला काय सांगायचं?

माझं मत असं की ख्रिस्ती माणसाला ज्ञानाचा गर्व पैशाच्या गर्वापेक्षा जास्त घातक आहे. पैशाची घमेंड आली की चार लोक तोंडावर नाही तरी पाठीमागे बोलतात. वचनाची घमेंड आली की लोक आपल्याला व्यासपीठावर बसवतात. आपले अनुभव लिहा. आणि या मुलाशी कसं बोलावं तेही सांगा.

----

रूथ_मिरज

वाचून पोटात तुटलं. नातवाचा ताप उतरला होता हो! आधी "प्रभूची स्तुती असो" म्हणायचं, बाकीचं नंतर.

----

सॅमी_पिंपरी

भर उपासनेत बोलायला नको होतं, मान्य. पण चुकीचं शिक्षण खपवून घ्यायचं का? आपल्याकडे साक्षीच्या नावाखाली काहीही चालतं. आमच्याकडे एका भावाने साक्ष दिली की प्रार्थनेचं तेल लावल्यापासून त्याच्या मोटरसायकलचं मायलेज वाढलं. सगळी मंडळी "आमेन" म्हणाली. अशा वेळी कोणीतरी अभ्यास केलेला माणूस लागतोच ना?

----

जुना_पाळक

सॅमी, तेल कुठल्या कंपनीचं ते विचारून ठेवा, माझी स्कूटर फार पेट्रोल खाते. :)

विषयावर सविस्तर लिहीन. आज संध्याकाळी एका घरी प्रार्थनेला जायचंय.

----

केडगावची_लेक

(दौंडजवळचं केडगाव, नगरचं नव्हे. दरवेळी सांगावं लागतं.)

"ज्ञान फुगवते" एवढंच आपण तोडून घेतो आणि अभ्यासूंच्या डोक्यावर मारतो. तो सगळा अध्याय वाचून बघा, १ करिंथ ८, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा. धागाकर्त्यांचा प्रश्न जवळजवळ जसाच्या तसा तिथे आहे.

करिंथ शहरात देवळांतून बळी दिले जात आणि त्यातलं बरंच मांस बाजारात विकायला येई. देवळाच्या आवारात जेवणावळी होत. मंडळीतले जाणते म्हणत, "मूर्तीत काही नाही, देव एकच आहे, मग जेवलो तर बिघडलं कुठे?" आता पौल त्यांना काय म्हणतो? "तुम्ही चुकता" असं म्हणत नाही. चौथ्या वचनात तो त्यांचाच मुद्दा मान्य करतो. मूर्ती काही नाही, देव एकच. शंभर टक्के बरोबर. आणि अकराव्या वचनात म्हणतो की तुझ्या या ज्ञानाने तो दुर्बळ भाऊ नाश पावतो, ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला. बाराव्यात तर म्हणतो की हे पाप तुम्ही ख्रिस्ताविरुद्ध करता.

म्हणजे सिद्धान्त अचूक ठेवूनही ख्रिस्ताविरुद्ध पाप करता येतं. अख्ख्या पत्रात मला याहून भीतीदायक काही वाटत नाही. चुकीचं मत असेल तर कोणी दाखवल्यावर सुधारता येईल. इथे सुधारायला मतच नाही. बिघाड आहे तो शेजारी बसलेल्या माणसाकडे बघण्यात.

आणि दुसरं-तिसरं वचन सोडू नका. आपल्याला काही कळतं असं ज्याला वाटतं, त्याला जसं कळायला हवं तसं अजून कळलेलंच नाही. पण जो देवावर प्रीती करतो त्याला देव ओळखतो. मी देवाला किती ओळखतो हा हिशेब पौल बाजूलाच ठेवतो आणि देव मला ओळखतो का, हे विचारतो. त्या प्रश्नाला आजी आणि तो मुलगा एकाच बाकावर बसतात.

----

प्रकाश_जालना

+१. सुंदर प्रतिसाद.

एक शंका. मग गणपतीत शेजारच्या काकू मोदक आणून देतात ते खायचे की नाही? आमच्या घरी दरवर्षी यावर वाद होतो. बाबा खातात, आई पाहुण्यांना वाटून टाकते.

----

सॅमी_पिंपरी

प्रकाश, आईला आमचा पत्ता दे.

----

संपादक

मोदकांसाठी वेगळा धागा काढता येईल. कृपया मूळ विषयावर.

----

वसईचा_डॉमनिक

आमच्या कॅथलिक परंपरेतले दोघे जण आठवले.

संत थॉमस अक्वायनस. चर्चच्या इतिहासात एवढा मोठा तत्त्वज्ञ क्वचितच झाला असेल. १२७३ च्या डिसेंबरात मिस्सा अर्पण करताना त्यांना काहीतरी अनुभव आला आणि त्यानंतर त्यांनी लेखणी खाली ठेवली. सचिवाने खूप आग्रह केला तेव्हा म्हणाले, जे मला दिसलं त्यापुढे मी लिहिलेलं सगळं गवताच्या काडीसारखं वाटतं. त्यांचा मुख्य ग्रंथ अपुरा राहिला, पुढच्या मार्चमध्ये ते वारले. पण लक्षात घ्या, त्यांनी आधी आयुष्यभर अभ्यास केला होता. न वाचताच "सगळं गवत आहे" म्हणणाऱ्यांनी त्यांचं नाव घेऊ नये.

दुसरे संत जॉन व्हियानी, फ्रान्समधल्या आर्स नावाच्या खेड्यातले फादर. लॅटिन त्यांच्या डोक्यात शिरायचं नाही, सेमिनरीत नापास होता होता कसेबसे धर्मगुरू झाले. पुढे त्यांच्यापाशी पापनिवेदन करायला दूरदूरहून लोकांची रीघ लागायची आणि ते दिवसाचे कितीतरी तास त्या लाकडी कोठडीत बसून ऐकत. आज ते धर्मग्रामांच्या फादरांचे आश्रयदाते संत आहेत. आमच्या गावात जुने लोक सांगायचे, प्रवचन चांगलं करणारा फादर वेगळा आणि आजाऱ्याच्या खाटेपाशी बसणारा वेगळा. दोन्ही एकात मिळाले तर त्या पॅरिशचं नशीब.

----

लेखापाल_मावशी

मी जरा वेगळं बोलणार आहे, आणि ते काहींना कडू लागेल.

"तुला ज्ञानाचा गर्व झालाय" हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे. मी काही वर्षं एका मंडळीच्या कमिटीत होते. (नाव लिहिणार नाही.) हिशेबाचं काम माझ्या रोजच्या पोटापाण्याचं, त्यामुळे वार्षिक अहवालात दोन रकमा जुळेनात तेव्हा मी सभेत विचारलं. उत्तर मिळालं नाही. पुढच्या रविवारी प्रवचन मिळालं, विषय "ज्ञान फुगवते". त्याच्या पुढच्या रविवारी परूशी आणि जकातदाराचा दाखला, म्हणजे गर्विष्ठ धार्मिकाची आणि नम्र पाप्याची गोष्ट. मान खाली घालून ऐकलं.

तेव्हा गर्वावर बोलताना हेही बोला की गर्वाचा आरोप कोण कुणावर करतो. माझ्या पाहण्यात तो बहुतेक वेळा वरून खाली येतो. बाईने प्रश्न विचारला की गर्व, तरुणाने विचारला की गर्व, मंचावरून पाऊण तास बोललं की ते मात्र शिक्षण. बिरुया शहरातल्या लोकांनी तर खुद्द पौलाचं बोलणं शास्त्रात रोज ताडून पाहिलं, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्यांना मोठ्या मनाचे म्हटलंय. होशेय ४:६ मध्ये देव म्हणतो की माझ्या लोकांचा नाश होतोय तो ज्ञान नाही म्हणून. आपल्या मंडळ्यांत आजवर जास्त नुकसान कशाने झालं, अति अभ्यासाने की अजिबात नसल्याने? माझं उत्तर ठरलेलं आहे.

----

रूथ_मिरज

मावशी, तुम्हाला सलाम. आमच्याकडेही असंच झालंय, पण लिहायचं धाडस होत नाही.

----

अनुग्रह_नगर (धागाकर्ता)

लेखापाल_मावशी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मला त्या मुलाची जिज्ञासा अजिबात मारायची नाही. उलट त्याला गप्प केलं तर तो एक तर मंडळी सोडेल, नाहीतर आत आत कडवट होईल, ही भीती आहे.

----

शुभवर्तमान_७७

एवढी चर्चा कशाला? पेत्र आणि योहान अशिक्षित होते (प्रेषितांची कृत्ये ४:१३). आम्हाला ग्रीक नको, सेमिनरी नको, भाष्यग्रंथ नको. पवित्र आत्मा थेट शिकवतो. मी एकही पुस्तक वाचलेलं नाही, फक्त वचन, आणि प्रभू मला ज्या गोष्टी प्रकट करतो त्या डॉक्टरेटवाल्या पाळकांनाही माहीत नसतात.

----

लेखापाल_मावशी

@शुभवर्तमान_७७, भाऊ, मनापासून सांगते, तुमचं शेवटचं वाक्य सावकाश परत वाचा.

पुस्तकातलं ज्ञान निदान दुसऱ्याला तपासता येतं. पान उघडून "इथे चुकलात" असं म्हणता येतं. "मला प्रभूने प्रकट केलं" म्हटल्यावर समोरच्याने काय बोलायचं? तिथे ज्ञानाचा गर्व आहेच, त्याला फक्त दारं-खिडक्या नाहीत.

----

शुभवर्तमान_७७

मावशी, तसा उद्देश नव्हता. पण आत्मा शिकवतो हे योहान १४:२६ मध्ये प्रभूचं स्वतःचं वचन आहे, ते कसं नाकारणार?

----

लेखापाल_मावशी

नाकारत नाही. ते वचन शिष्यांना एकत्र बसवून दिलेलं आहे. "तुम्हांला शिकवील" असं म्हटलंय. आत्मा मला शिकवतो तसा माझ्याशेजारी बसणाऱ्या बाईलाही शिकवतो, म्हणून मी तिचं ऐकायचं. तुम्ही वचन मनापासून वाचता हे दिसतंय. एकटे वाचू नका, एवढंच माझं म्हणणं.

----

हिब्रूचा_मास्तर

मी सेमिनरीत शिकवतो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या वर्गातला आहे.

पहिल्या वर्षाला मुलं येतात ती बहुतेक खेड्यातली, प्रार्थनेत वाढलेली. उपासना संगीतातली गाणी तोंडपाठ, पहाटे उठून गुडघ्यावर. दुसऱ्या वर्षी हिब्रू क्रियापदं सुरू होतात, ग्रंथांचे थर, हस्तलिखितांतले पाठभेद. तिसऱ्या वर्षी त्यातला एखादा माझ्याकडे येऊन सांगतो, "सर, तेविसावं स्तोत्र वाचायला घेतलं की आता फक्त व्याकरण दिसतं. आई गेली तेव्हा हेच स्तोत्र धरून मी रडलो होतो." यात गर्व अजून आलेला नसतो. पण जागा रिकामी झालेली असते आणि तिथे गर्व फार लवकर राहायला येतो. देवाशी बोलायचं थांबून देवाविषयी बोलायची सवय लागली, की श्रोते लागतात. श्रोते मिळाले की टाळ्या लागतात.

बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या बर्नार्डने माणसं कशासाठी शिकतात याचे प्रकार सांगितले होते. कोणी नुसतं कळावं म्हणून शिकतो, ते कुतूहल. कोणी लोकांनी आपल्याला ओळखावं म्हणून, ती पोकळ प्रतिष्ठा. कोणी ज्ञान विकून पैसा-मान मिळवायला. कोणी दुसऱ्याची उभारणी व्हावी म्हणून, ती प्रीती. आणि कोणी स्वतःची उभारणी व्हावी म्हणून, ते शहाणपण. पहिल्या तासाला मी हे फळ्यावर लिहितो. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पुन्हा लिहितो, आणि तेव्हा वर्गात जरा जास्त शांतता असते.

उलटाही धोका आहे. तरुणपणी संत ऑगस्टीनने पवित्र शास्त्र हातात घेतलं आणि रोमन वक्ता सिसेरोच्या भारदस्त लॅटिनपुढे त्याला ते गावंढळ वाटलं. पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की माझ्या ताठ्याला त्या ग्रंथाचा साधेपणा सोसला नाही, आत शिरायला वाकावं लागतं आणि मला वाकता येत नव्हतं. त्याला लॅटिन कमी येत होतं म्हणून हे घडलं नाही, फार चांगलं येत होतं म्हणून घडलं. तरी उत्तर अडाणी राहणं हे नव्हे. धर्मांतरानंतर त्याच ऑगस्टीनने तेच शिक्षण जन्मभर चर्चसाठी राबवलं.

----

दूरदेशी_डॅलस

इथे अमेरिकेत आमच्या मराठी फेलोशिपमध्ये बहुतेक सगळे आयटीवाले. प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीचं 'सोल्यूशन' पाहिजे. शुक्रवारच्या झूम बायबल स्टडीत पूर्वनियोजन विरुद्ध स्वेच्छा असा वाद सुरू झाला की दोन तास पुरत नाहीत. त्याच ग्रुपमध्ये एका भावाची नोकरी गेली होती आणि व्हिसाचे मोजके दिवस उरले होते. हे आम्हाला आठवड्यांनी कळलं, कारण प्रार्थनेच्या विनंत्या शेवटच्या पाच मिनिटांत ठेवायचो आणि तोवर निम्मे लॉग आऊट झालेले असायचे. आता विनंत्या सुरुवातीला घेतो. वाद तरी होतोच, पण समोरच्याच्या घरचं माहीत असल्यावर आवाज आपोआप खाली येतो.

१ पेत्र ३:१५ सगळे वादपटू पाठ करतात, आशेविषयी उत्तर द्यायला तयार असा. ते सौम्यतेने आणि आदराने द्या हेही तिथेच आहे. ते पाठ करताना का गळतं कुणास ठाऊक.

----

वारकरी_वाचक

मी ख्रिस्ती नाही, धागा नेहमी वाचतो. लिहिलं तर चालेल ना?

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञान म्हणजे काय याची यादी दिली आहे, तिची सुरुवातच 'अमानित्व' आणि 'अदंभित्व' यांनी होते. मानाची हाव नसणं हेच आधी ज्ञानात मोजलंय. माउलींनी त्यावर भरभरून ओव्या लिहिल्या आहेत. आमच्याकडेही कीर्तनकार मोठा झाला की टाळकऱ्याच्या पाया पडायला लाजतो, तेव्हा दुखणं सगळीकडचं आहे. आजींचा प्रसंग वाचून आमच्या दिंडीतल्या एक आजी आठवल्या. अभंगाचे शब्द त्या हमखास चुकवतात, पण त्या गायला लागल्या की आम्ही गप्प होतो.

----

केडगावची_लेक

@वारकरी_वाचक, चालेल काय, हवंच! रेव्हरंड टिळक म्हणायचे की तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. आपलं येणं-जाणं जुनं आहे.

टिळकांवरून आठवलं. ते स्वतः केवढे व्यासंगी कवी, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना शाळा अशी मिळालीच नव्हती. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा 'ख्रिस्तायन', त्यांचं ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य, अपुरं होतं. ते पुढे नेलं ते याच बाईंनी, अध्यायामागून अध्याय लिहून.

आणि आमच्या पंडिता रमाबाई. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, वय वीस. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला. तोही भोळेपणाने घेतलेला नव्हता, वाचून, वाद घालून, पटवून घेऊन. आणि त्याच बाई पुढे १९०७ मध्ये आपल्या साक्षीत लिहितात की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं अशीच गेली. एवढ्या विदुषीने हे छापून जगापुढे ठेवावं!

मग त्यांनी विद्या टाकून दिली का? नाही. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, सोप्या मराठीत, त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या साध्या बायकांना कळावं म्हणून. तिथल्याच बायकांनी छपाईचे खिळे जुळवून ते छापलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, पुस्तक पुरं होऊन बाहेर आलं १९२४ मध्ये. दुष्काळातून आणलेल्या, अक्षरओळख नुकती झालेल्या मुलींसाठी 'सरस्वती'ने रात्री जागवल्या. हिब्रूच्या मास्तरांनी सांगितलेल्या यादीतला "दुसऱ्याची उभारणी" हा प्रकार कसा दिसतो, तर असा.

----

प्रकाश_जालना

ताई, अंगावर काटा आला.

----

सॅमी_पिंपरी

माझा सूर बदललाय हे कबूल, पण एक प्रश्न उरतोच. आजींच्या बोलण्यातली चूक कुणी कधीच सुधारायची नाही का? प्रीती म्हणजे गप्प बसणं, असं तर होत नाही ना?

----

जुना_पाळक

सॅमीचा प्रश्न योग्य आहे आणि धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. आता सविस्तर लिहितो. पाळकीय सेवेतून निवृत्त झालो आहे, वेळ आहे.

आधी हे लक्षात घ्या की नुसतं माहीत असणं माणसाला किती कमी हलवतं. मत्तय २ मध्ये मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, यरुशलेमेत येऊन विचारतात, राजा कुठे जन्मला? हेरोद मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना बोलावतो. त्यांना पुस्तक धुंडाळावं लागत नाही, बेथलेहेम, मीखा संदेष्ट्याने लिहिलंय, लगेच उत्तर. अचूक. बेथलेहेम तिथून आठ-दहा किलोमीटर, आपल्याकडे लोक बाजाराला एवढं चालत जातात. परदेशी माणसं महिनोन्महिने चालून आली आणि पुढे गेली. शास्त्र्यांपैकी कोणी उठून सोबत गेल्याचं मत्तय लिहीत नाही. मी आयुष्यभर ख्रिस्तजन्मावर प्रवचनं केली, पण या भागापाशी आलो की आवाज अडखळतो, कारण पत्ता सांगणाऱ्यांतला मी आहे.

आता त्या मुलाविषयी. प्रेषितांची कृत्ये १८, वचनं २४ ते २६. अपुल्लो नावाचा अलेक्सांद्रियाचा यहूदी इफिसात येतो. अलेक्सांद्रिया म्हणजे त्या काळचं विद्येचं मोठं केंद्र. वक्तृत्व उत्तम, शास्त्रात पारंगत, आवेशी. शिकवतो तेही नीट, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक आहे, येशूच्या नावाने होणारा नाही. म्हणजे त्याच्या शिक्षणात मोठी उणीव होती, 'येशूबाप'पेक्षा कितीतरी मोठी. सभास्थानात ऐकायला कोण बसलंय? प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला, राहुट्या शिवणारं जोडपं. ते काय करतात? भर सभेत उठत नाहीत. त्याला आपल्याकडे घेऊन जातात आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगतात. सॅमी, चूक सुधारली गेली, पण चारचौघांत नाही, चार भिंतींत.

आणि अपुल्लो! विद्येच्या माहेरघरचा पंडित राहुट्या शिवणाऱ्या बाईसमोर बसून शिकला. प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक तिचं नाव नवऱ्याच्या आधी लिहितो. अपुल्लोने काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही, पण पुढच्याच वचनांत बंधुजन त्याला पत्र देऊन अखयात पाठवतात आणि तिथे तो विश्वासणाऱ्यांच्या फार उपयोगी पडतो. विद्या गेली नाही, ती कामाला लागली. गर्व आहे की नाही हे ओळखायला मी याहून चांगली कसोटी पाहिलेली नाही: आपल्यापेक्षा कमी शिकलेल्याकडून हा माणूस काही शिकू शकतो का?

अनुग्रह, त्याला जेवायला बोलवा. पहिल्या भेटीत या प्रसंगाचं नावही काढू नका. त्याचं वाचन ऐका, खरोखर ऐका, कारण मला वाटतं मंडळीत त्याला अभ्यासाचं बोलायला कोणी नाही, म्हणून तो साक्षीच्या वेळी उभा राहतो. दुसऱ्या भेटीत त्याला आजींच्या घरी घेऊन जा. शिकवायला नको, प्रार्थना करायला. त्याची नव्हे, त्यांची प्रार्थना होऊ द्या.

आणि मंचावरून "ज्ञान फुगवते" यावर प्रवचन करू नका. मावशींनी त्याची गोष्ट सांगितलीच आहे.

----

लेखापाल_मावशी

पाळकसाहेब, असे चार पाळक असते तर मी कमिटी सोडली नसती.

----

हिब्रूचा_मास्तर

जुना_पाळक, तुमची कसोटी वर्गात वापरणार. नाव सांगू की नको तेवढं कळवा.

एक भर घालतो. आमच्याकडे अंतिम वर्षाच्या मुलांना रविवारी खेड्यातल्या मंडळ्यांत पाठवतात. मी आता त्यांना प्रवचनाचा अहवाल मागत नाही. ज्यांच्या घरी जेवला त्यांच्याकडून काय शिकलास ते एक पान लिही, म्हणतो. एका मुलाने लिहिलं होतं की त्या घरच्या बाई भाकरी थापताना प्रत्येक भाकरीगणिक एका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करतात आणि घरात खाणारे तिघेच असताना त्या दिवशी सात भाकरी झाल्या. त्या पानाला मी काय गुण देणार?

----

अनुग्रह_नगर (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडी खबर देतो.

तो मुलगा जेवायला येऊन गेला. जुन्या पाळकांचा अंदाज बरोबर निघाला. तो तासभर बोलत होता आणि मध्येच म्हणाला, "दादा, इथे याविषयी मला कोणीच कधी काही विचारत नाही." आजींचा विषय मी काढला नव्हता, जाताना त्यानेच काढला. नातू कसा आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही, आपण जाऊन बघू. शनिवारी जायचं ठरलंय. त्याने दोनदा विचारलं की तिथे मी काय बोलायचं. मी सांगितलं, काही बोलायला लागणार नाही.

पुढचं कसं होईल सांगता येत नाही. त्याला वाईट वाटलंय असं मला वाटतं, पण तो तसं म्हणालेला नाही, आणि मी वदवून घेणार नाही.

----

रूथ_मिरज

शनिवारी आमच्या महिला मंडळात तुम्हा तिघांसाठी प्रार्थना करू.

----

केडगावची_लेक

संपादकांची माफी मागून, प्रकाशच्या मोदकांचं उत्तर राहिलंय, आणि ते याच विषयाचं शेपूट आहे.

पौल आठव्या अध्यायावर थांबत नाही. १० वा अध्याय, २७ ते २९ वाचा. कोणी घरी जेवायला बोलावलं तर जे वाढतील ते विवेकभावासाठी चौकशी न करता खा. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकभावासाठी खाऊ नका. तुझ्या नव्हे, त्याच्या. दोन्ही वेळा ताटातला पदार्थ तोच आहे. बदललंय ते समोर कोण बसलंय एवढंच. त्यामुळे प्रकाश, तुझे बाबा आणि आई दोघेही बरोबर असू शकतात. त्या दिवशी घरात नुकता विश्वासात आलेला कोणी आहे का, ते आधी बघायचं.

----

प्रकाश_जालना

ताई, आहे. माझी मामी मागच्या ईस्टरला बाप्तिस्मा घेऊन आली, आणि ती आमच्याकडेच राहते. हे बाबांना दाखवतो.